मुलांच्या दातांना तारा कधी लावाव्यात? सांगली-साताऱ्याच्या आईबाबांसाठी

वार्षिक परीक्षा संपल्या की सांगली-मिरजेतल्या दातांच्या दवाखान्यांत शाळकरी मुलांची गर्दी होते. सोबत आलेल्या आईबाबांचा प्रश्न एकच असतो, "तारा कधी लावायच्या?" पण एकाचा मुलगा दुसरीत असतो आणि दुसऱ्याची मुलगी दहावी देऊन आलेली असते. दुसरीतल्या मुलाला मी बहुतेक वेळा तपासून घरी पाठवते, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा म्हणून. दहावीतल्या मुलीच्या वेळी मात्र कधीकधी जिवाला लागतं. अकराव्या-बाराव्या वर्षी काढता-घालता येणाऱ्या एका साध्या प्लेटने जे हाताशी आलं असतं, त्यासाठी आता दात काढावे लागणार असतात.

म्हणून आधी एक गोष्ट पक्की करू. दात दाखवायचं वय वेगळं आणि तारा लावायचं वय वेगळं. दाखवायचं वय ७. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे दात-जबडे सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची, संघटनाही पहिल्या तपासणीसाठी हेच वय सांगते, कारण तोवर पहिली कायमची दाढ आणि पुढचे काही कायमचे दात आलेले असतात आणि जबड्याची ठेवण कळू लागते. प्रत्यक्ष तारा मात्र बहुतेक मुलांना ११ ते १४ या वयात लागतात. मधल्या चार-पाच वर्षांत ठरवायचं ते एवढंच: आपल्या मुलाचा प्रश्न दातांचा आहे की जबड्याचा? नुसते दात वाकडेतिकडे असतील तर ते चाळिशीतही सरळ करता येतात. जबड्याची वाढ एकदाच होते आणि ती कुणासाठी थांबत नाही.

पहिली पायरी: घरी, खिडकीपाशी

सकाळच्या उजेडात मुलाला खिडकीजवळ खुर्चीवर बसवा. हात धुवून घ्या. मोबाइलचा टॉर्च चालेल, पण उजेड चांगला असेल तर त्याचीही गरज नाही.

आधी दात मोजा. पुढच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मागे मोजत जा. दुधाचे दात प्रत्येक बाजूला पाचच असतात, वर-खाली मिळून एकूण २०. पाचव्याच्या मागे सहावा दिसला, तर ती कायमची दाढ आहे. साधारण सहाव्या वर्षी ती कुठलाही दात न पडता गुपचूप मागे येते. त्यामुळे घरात तिला दुधाचीच समजतात आणि "पडणारच आहे" म्हणून तिची कीड तशीच राहू देतात. पुढे तारांचं सगळं गणित या दाढेवर बसवायचं असतं, म्हणून ती जपा.

आता चावून बघायला सांगा. "नीट चाव" म्हटलं की मुलं जबडा पुढे काढतात आणि आपल्याला चुकीचंच दिसतं. त्याऐवजी म्हणा, "जिभेचं टोक टाळूला जितकं मागे नेता येईल तितकं ने, आणि आता मागच्या दाढा एकमेकींवर टेकव." मग दोन्ही बोटांनी ओठ आणि गाल हलकेच बाजूला करून बघा. वरचे दात सगळीकडे खालच्या दातांच्या किंचित बाहेर हवेत. एखादा वरचा दात खालच्याच्या आत जातोय का? दाढा टेकताना हनुवटी शेवटच्या क्षणी एका बाजूला सरकते का? हे सरकणं फार महत्त्वाचं आहे, म्हणून दोन-तीनदा चावायला लावून बघा.

नंतर बाजूने बघा. वरचे पुढचे दात खालच्यांच्या २-३ मिलिमीटर पुढे असणं ठीक आहे. साधी पेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाडीची असते. दाढा टेकवलेल्या असताना वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधल्या जागेत पेन्सिल बसण्याइतकं अंतर असेल, तर दात बरेच पुढे आहेत.

चौथी गोष्ट मुलाला न सांगता बघायची. ते टीव्ही बघत असताना ओठ मिटलेले असतात की उघडे? झोपेत तोंडाने श्वास घेतं का, घोरतं का?

मूल ९-१० वर्षांचं झालं की आणखी एक तपासणी करा. वरच्या हिरडीवर, ओठाच्या आतल्या बाजूने, दुधाच्या सुळ्याच्या मुळाच्या वर तर्जनी फिरवा. आत येऊ घातलेल्या कायमच्या सुळ्याचा टणक उंचवटा तिथे लागायला हवा, दोन्ही बाजूंना. दहा-अकरापर्यंत तो लागलाच नाही, किंवा एकाच बाजूला लागला, तर एक्स-रे काढून घ्या. सुळा टाळूकडे वळलेला असू शकतो आणि वाटेत शेजारच्या दाताचं मूळही झिजवू शकतो. वेळेत कळलं तर अनेकदा नुसता दुधाचा सुळा काढला तरी कायमचा सुळा आपली वाट सुधारतो. चौदाव्या-पंधराव्या वर्षी कळलं तर हिरडी उघडून, सुळ्याला साखळी लावून तो खाली ओढावा लागतो. बोटाने अर्ध्या मिनिटात होणारी ही तपासणी आहे, चुकवू नका.

दुसरी पायरी: काय थांबवून चालणार नाही

यातलं काही दिसलं तर "सगळे दात येऊ देत, मग बघू" म्हणू नका.

वरचा पुढचा दात खालच्याच्या आत अडकणं. तसाच राहिला तर समोरच्या खालच्या दाताची हिरडी खाली सरकते, दात झिजतात. सात-आठ वर्षांच्या मुलात हे काम कित्येकदा काढता-घालता येणाऱ्या लहान प्लेटने काही महिन्यांत होतं.

मागच्या दाढा उलट्या बसणं, म्हणजे वरच्या दाढा खालच्यांच्या आत जाणं, आणि चावताना हनुवटी सरकणं. वरचा जबडा अरुंद असला की मूल दाढा बसवण्यासाठी खालचा जबडा एका बाजूला नेतं. वाढत्या वयात वर्षानुवर्षं असं चाललं तर चेहरा एका अंगाला झुकू शकतो. टाळूच्या मधोमध दोन हाडांचा सांधा असतो आणि वयात येण्याआधी तो सहज रुंदावतो. त्यासाठी टाळूला बसवायचा एक स्क्रू असतो, डॉक्टर सांगतील तसा आईबाबांनी घरी किल्लीने फिरवायचा. ऐकून पोटात गोळा येतो, पण मुलं त्याला चटकन सरावतात.

खालचा जबडा पुढे असणं. आपल्याकडे म्हणतात, "आजोबांसारखी हनुवटी आहे." आजोबांसारखी असेल तर जास्त लवकर दाखवा, कारण ही ठेवण घराण्यात चालते. वरचा जबडा मागे राहिला असेल तर चेहऱ्यावर बाहेरून लावायच्या फेसमास्कने तो पुढे ओढता येतो. त्याचा चांगला उपयोग साधारण दहाव्या वर्षाच्या आतच होतो. उपचार करूनही काही मुलांची हनुवटी पुढे वाढतच राहते आणि वाढ थांबल्यावर, म्हणजे अठराच्या आसपास किंवा त्यानंतर, शस्त्रक्रिया लागते. कुठलाही प्रामाणिक डॉक्टर हे सुरुवातीलाच सांगेल.

फार पुढे आलेले वरचे दात. इथे तोलून बघावं लागतं. आठव्या-नवव्या वर्षी एकदा आणि बाराव्या वर्षी पुन्हा असे दोन टप्प्यांत उपचार केले, तरी शेवटचा निकाल एकाच टप्प्यात केलेल्यापेक्षा वेगळा येत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. लवकर सुरू करण्याचा ठळक फायदा एकच, पडून-धडपडून पुढचे दात तुटण्याचा धोका कमी होतो. म्हणून मी मूल बघून ठरवते. दिवसभर सायकलवर असलेला, कबड्डी खेळणारा, तालमीत जाणारा मुलगा असेल, ओठ दातांवर मिटत नसतील किंवा वर्गात चिडवतात म्हणून तो हसणंच सोडत असेल, तर लवकर सुरू करावं. नाहीतर थांबावं.

दात निखळण्याचा विषय निघालाच आहे तर सांगून ठेवते. कायमचा दात मुळासकट बाहेर पडला तर मूळ घासू नका. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, गार दुधात टाका आणि तासाभराच्या आत दवाखाना गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

अंगठा चोखणं. चौथ्या वर्षापर्यंत काळजी नको. पुढचे कायमचे दात येतानाही, म्हणजे सहा-सातला, सवय राहिली तर वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये मोकळी खिडकी पडते आणि वरचा जबडा अरुंद होतो. अंगठ्याला कारल्याचा रस किंवा मिरची लावून, चारचौघांत लाजवून सवय सुटत नाही, मूल लपून चोखायला लागतं. आधी मुलाशी बोला, झोपताना हातमोजा घालून बघा आणि तरीही जमलं नाही तर डॉक्टर सवय मोडणारी प्लेट देतात.

तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतील तर दातांआधी त्यांचा इलाज हवा.

शेवटची गोष्ट म्हणजे वेळेआधी गेलेली दुधाची दाढ. सांगली-साताऱ्यात हे फार दिसतं. चहात बुडवलेली बिस्किटं, गुळाचे खडे, दातही न घासता झोपणं. पाचव्या-सहाव्या वर्षी दाढ किडते आणि घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, "दुधाचीच आहे, काढून टाका." दुधाच्या दाढा पडायचं वय दहा ते बारा आहे. ती पाच वर्षं आधी काढली की मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही. म्हणून शक्य असेल तर दुधाच्या दाढेचंही रूट कॅनाल करून ती वाचवावी. काढावीच लागली तर तिथे जागा राखणारी तारेची कडी बसवून घ्यावी. पुढच्या कित्येक तारा इथेच वाचतात.

ओठ किंवा टाळू दुभंगलेल्या मुलांचं वेळापत्रक अगदी वेगळं असतं. त्यांना जन्मापासूनच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या सोबतीने ऑर्थोडॉन्टिस्टची देखरेख हवी.

तिसरी पायरी: काय थांबू शकतं

सात ते अकरा या वयात वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसते, दात पंख्यासारखे बाहेर फाकतात. आया घाबरतात. पण वरून खाली येणारे सुळे शेजारच्या मुळांना ढकलत असतात म्हणून तसं दिसतं. सुळे अकरा-बाराला आले की बहुतेक फटी आपोआप मिटतात. तोवर हात लावू नका. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून फट मिटवायला घरी दातांना रबर तर चुकूनही लावू नका. रबर हिरडीखाली सरकतं, मुळापर्यंत जातं आणि चांगला दात हलायला लागून गमावला जातो.

खालचे कायमचे दात दुधाच्या दातांमागे दुसऱ्या रांगेत येणं हेही सहा-सातला नेहमीचं आहे. दुधाचा दात हलत असेल तर वाट बघा, जीभ मागच्या दाताला पुढे ढकलते. दोन-तीन महिन्यांत दुधाचा दात हललाच नाही तर काढून घ्या.

थोडीशी दाटीही थांबू शकते. दुधाच्या मागच्या दाढा पडल्यावर त्यांच्या जागी येणारे दात आकाराने लहान असतात, त्यामुळे थोडी जागा मोकळी होते.

चौथी पायरी: वाढीचा काळ गाठणं

खालचा जबडा मागे असलेली मुलं आपल्याकडे खूप आहेत. "दात पुढे आलेत" म्हणून आई घेऊन येते, पण बाजूने बघितलं तर हनुवटीच मागे असते. यांच्यासाठी ट्विन ब्लॉकसारखी, काढता-घालता येणारी प्लेट असते. विल्यम क्लार्क या स्कॉटिश डॉक्टरांनी १९७७ मध्ये ती आणली. ती घातली की मुलाला खालचा जबडा पुढे घेऊनच दात मिटावे लागतात. जबडा यामुळे हवा तितका लांबतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सुधारणेचा बराचसा भाग दात सरकल्याने होतो. पण उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात घातली तर चेहऱ्यातला फरक घरच्यांना दिसतो आणि पुढे तारांचं काम हलकं होतं.

हा काळ प्रत्येकाचा वेगळा. मुलींमध्ये तो साधारण दहा ते बारा, मुलांमध्ये बारा ते चौदा. मुलींची सगळ्यात वेगाची वाढ पहिली पाळी येण्याच्या आधी होऊन जाते. म्हणून डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारलं तर आयांनी संकोचू नये, ही माहिती उपचार ठरवायला लागते. मुलाचे गणवेशाचे बूट वर्षात दोनदा लहान झाले, पँट घोट्याच्या वर गेली, आवाज फुटायला लागला, तर पुढच्या उन्हाळ्याची वाट न बघता दाखवा. शंका असेल तर डॉक्टर मानेच्या मणक्यांचा किंवा मनगटाचा एक्स-रे बघून वाढ किती उरली आहे ते सांगतात.

जबडे नीट बसलेले आहेत आणि फक्त दात वाकडे आहेत, अशा मुलांसाठी घाई नको. दुधाचे शेवटचे दात पडले आणि दुसरी कायमची दाढ आली किंवा येऊ घातली, म्हणजे साधारण १२-१३, ही सगळ्यात सोयीची वेळ. एकाच टप्प्यात, बहुधा दीड ते दोन वर्षांत काम होतं.

पाचवी पायरी: कुणाला दाखवायचं

दातांचे डॉक्टर आधी बीडीएस होतात. त्यानंतर तीन वर्षं या एकाच विषयात एमडीएस केलेले ते ऑर्थोडॉन्टिस्ट. पाटीवर नुसतं एमडीएस असेल तर कशात, ते विचारा. विचारण्यात कसलाही अपमान नाही.

खासगी दवाखाने सांगली, मिरज, सातारा, कराडला आहेतच. खर्चाची ओढाताण असेल तर दंत महाविद्यालयांचा विचार जरूर करा. सांगलीत भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे आणि कराडजवळ मलकापूरला कृष्णा विद्यापीठाचं. तिथे एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या नजरेखाली काम करतात. एका भेटीला वेळ जास्त जातो, पण पैसे सहसा कमी लागतात.

पहिल्या भेटीत संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे, दातांचं माप आणि फोटो एवढं व्हायला हवं. यातलं काहीच न करता कुणी त्याच दिवशी तारा चिकटवायला निघालं तर उठून या. माप न घेता, तोंड न बघता घरपोच अलायनर (दात सरकवणारे पारदर्शक साचे) पाठवणाऱ्या जाहिरातींपासून मुलांना लांब ठेवा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न: आत्ता सुरू केलं नाही तर नेमकं काय बिघडेल? एका टप्प्यात होईल की दोन? दात काढावे लागतील का आणि का? पहिल्या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

दात काढण्याची भीती सगळ्यांनाच असते. जबडा लहान आणि दात मोठे असतील तर उपदाढा, म्हणजे सुळ्याच्या मागचे दात, काढून जागा करावी लागते. वरचा दात काढला की नजर कमी होते, हे मात्र अजिबात खरं नाही. दातांच्या आणि डोळ्यांच्या नसा वेगवेगळ्या आहेत.

सहावी पायरी: मूल तयार आहे का, आणि घर?

हाडं तयार असतील, दात तयार असतील, पण मूल दिवसातून दोनदा नीट ब्रश करत नसेल तर थांबा. तारांभोवती अन्न अडकतं आणि वर्षभरात दातांवर पांढरे डाग पडतात. तारा निघाल्यावर सरळ दातांवर चौकोनी डाग राहिलेले बघणं फार वाईट. मी आधी तीन महिने देते, हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं की तारा. किडलेले दातही त्याआधी भरून घ्यायचे.

दर चार ते सहा आठवड्यांनी यावं लागतं. जत-आटपाडीहून एसटीने येणाऱ्या घरांनी हे आधीच धरून चालावं, तारांना वर्षभर कुणी हात लावला नाही तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं. दोन वर्षांचा हिशोब दहावीशीही जुळवा. सातवीच्या उन्हाळ्यात सुरू केलं तर नववीत सुटतं. पुढे मूल लातूरला किंवा कोट्याला जाणार असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा.

पैशांचं बोलणं लिहून घ्या. ठरलेल्या रकमेत एक्स-रे, दाताला चिकटवलेली पट्टी तुटली तर परत लावणं आणि शेवटचा रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारी प्लेट) येतो का? हप्ते कसे? धातूच्या तारा सगळ्यात स्वस्त आणि मजबूत, लहान मुलांसाठी त्याच बऱ्या. दातांच्या रंगाच्या सिरॅमिकच्या महाग असतात आणि लवकर तुटतात.

सातवी पायरी: तारा लागल्यावर

पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात. मऊ भात, खिचडी, दही द्या. गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून वयाप्रमाणे पॅरासिटामॉल. गालाला टोचतं तिथे लावायला मेण मिळतं.

आपल्या भागात खरी परीक्षा खाण्याची. ऊस दातांनी सोलायचा नाही, रस प्यायचा आणि वर चूळ भरायची. संक्रांतीची कडक तिळाची वडी, शेंगदाण्याची चिक्की, भाजलेलं कणीस, अख्खा पेरू, फुटाणे बंद. भडंगातले शेंगदाणे वेचून बाजूला काढा, कुरकुरीत चुरमुरेही तारांत अडकतात, म्हणून क्वचितच. कंदी पेढा मऊ असतो, तो तुटफूट करत नाही, पण खाल्ल्यावर ब्रश हवाच. पेरू-सफरचंद फोडी करून मागच्या दाढांनी खाता येतं. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून.

फ्लोराइडची पेस्ट, तारांचा खास ब्रश आणि फटीत घालायचा बारीक ब्रश. कबड्डी, कुस्ती, क्रिकेटसाठी माउथगार्ड. तारा असताना ओठावर मार बसला तर आतून फाटतो.

पट्टी सुटली तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

तारा निघाल्या की खूप जण येणं बंद करतात आणि तिथेच सगळं वाया जातं. दात जुन्या जागी परत जायला बघतात. रिटेनर आधी दिवस-रात्र आणि मग डॉक्टर सांगतील तसा रात्री, बराच काळ घालावा लागतो. तो जेवताना काढून रुमालात किंवा कागदात गुंडाळून ठेवू नका, शाळेच्या डब्याबरोबर नेमका कचऱ्यात जातो. दवाखान्यातून मिळालेली कडक डबी दप्तरात ठेवा, त्यावर मुलाचं नाव लिहा. गरम पाण्यात धुवू नका, आकार बिघडतो. हरवलाच तर मुलाला रागवत बसण्याऐवजी त्याच आठवड्यात नवीन करून घ्या.